गोटीचा दुसरा डोस

१२ जून

जावईबापू,

तुम्ही फोनचा नंबर बदललात, म्हणून हे पत्र तुमच्या लिफ्ट कंपनीच्या पत्त्यावर धाडतोय. तिथल्या साहेबांनी कृपया फोडू नये. फोडलंच तर निदान नीट चिकटवून द्यावं. माझं अक्षर लागेल ना? जन्मभर चष्म्याच्या दुकानात लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावली, आणि स्वतःचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

आधी खुशाली लिहायची असते. गोटी आहे तशी आहे. एप्रिलमध्ये तुम्ही गेलात तेव्हापासून फरक एवढाच, की उजव्या टाचेची जखम भरत आली आहे. नळीतून दूध जातं. कूस बदलायला मी आणि ही, दोघंही लागतो. रोज दुकान उघडायच्या आधी मी छोटी बॅटरी घेऊन तिच्या डोळ्यांवर उजेड टाकतो. बाहुली झटकन आकसते. मोठ्या डॉक्टरांनी समजावलं, की त्यावर जाऊ नका, डोळा चांगलाच आहे, पण मेंदूत बघणारं कोणी उरलेलं नाही. चष्मेवाल्याला हे सांगायची गरज नव्हती. तरी मी रोज उजेड टाकतो.

पत्राचं कारण वेगळंच आहे. काल दुकानात फोन आला. प्रवासाच्या लशी देतात ना, त्या दवाखान्यातून. एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "पेशंटचा काविळीच्या लशीचा दुसरा डोस बाकी आहे. कधी येताय?" गोटीने तेव्हा माझाच नंबर दिला होता, कारण तुम्ही कुठल्याशा टोलेजंग इमारतीच्या शाफ्टमध्ये लटकलेले असायचात आणि तिचा स्वतःचा फोन कायम शाळेच्या कपाटात असायचा. मी म्हटलं, "कळवतो." समोर गिऱ्हाईक बसलं होतं. त्याला मी त्यानंतर दोनदा चुकीची भिंगं लावली.

तिला लस टोचायला मीच घेऊन गेलो होतो, आठवतं? तुमची आधीच टोचून झाली होती. तिथल्या सिस्टरच्या चष्म्याची काडी सेलोटेपने चिकटवलेली होती. मला राहवेना, मी खिशातला स्क्रू काढून तिथल्या तिथे बसवून दिली. त्यावर खूश होऊन तिने आम्हा दोघांना असं काही शिकवलं, जणू मीच जंगलात निघालोय. आफ्रिकेच्या दक्षिणेकडे जाताय, वाटेत विमान जिथे बदलाल त्यावरून पिवळ्या तापाचा दाखला मागतील, तेव्हा ती लस आत्ताच घ्या. टायफॉइडची घ्या, धनुर्वाताची घ्या, काविळीची दोनदा घ्या. तिन्हीसांजेनंतर अंगभर, फिकट कपडे घाला. मच्छरदाणीची कड गादीखाली खोचा, नुसती सोडून ठेवू नका. "आणि हिवतापाच्या गोळ्या," ती म्हणाली, "जायच्या आधी सुरू करायच्या, तिथे रोज घ्यायच्या, आणि परत आल्यावरही चालू ठेवायच्या. लोक काय करतात, घरी आले की सामान उतरवतात आणि गोळ्याही उतरवतात. डास तर तिकडेच चावून झालेला असतो. ताप आला तर डॉक्टरला आधी कुठे जाऊन आलात ते सांगा, किती ताप आहे ते मग."

दिवस गेलेत का, असंही तिने विचारलं. गोटी म्हणाली, "आधी सिंह तर बघू द्या!" मग सिस्टर माझ्याकडे वळली. "आजोबा, तुम्ही नाही जात सिंहीण बघायला?" मी म्हटलं, "मला घरबसल्या दिसते." गोटी इतकी हसली, की सिस्टरला सुई बाजूला धरून थांबावं लागलं.

ती सिंहीण अजून तुमचं नाव काढू देत नाही. हॉस्पिटलच्या त्या कॉरिडॉरमध्ये हिने विचारलं, "कोणी सांगितलं तिला गोळ्या बंद करायला?" तुम्ही खाली बघत म्हणालात, "मीच सांगितलं. मळमळत होतं तिला." त्यानंतर ही तुम्हाला जे बोलली, ते एखाद्याने कुत्र्यालाही बोलू नये. पण मी मध्ये पडलो नाही. मलाही तेच म्हणायचं होतं. पुढे तिला घरी आणल्यावर तुम्ही रोज दाराशी यायचात आणि ही दार उघडायची नाही, तेव्हाही मी आत बसून ऐकत होतो.

मी तुम्हाला माफ केलंय असं समजू नका. गोटीची खबर तुम्हाला मिळावी, इतकंच. नवरा आहात तिचा.

सोमवारी त्या दवाखान्यात जाऊन येतो. तिचं नाव यादीतून काढा म्हणून फोनवर सांगवत नाही.

गोटीचे बाबा


२० जून

जावईबापू,

जाऊन आलो. तुम्ही हे पत्र उभ्याने वाचत असाल तर बसा.

सिस्टरने मला लगेच ओळखलं. काडी दाखवून म्हणाली, "बघा, अजून घट्ट आहे. मुलगी काय म्हणते? बघितला का सिंह?" मी काय झालं ते सांगितलं. फार शब्द लागत नाहीत. परत आल्यावर ताप आला, जवळच्या डॉक्टरांनी साधा ताप म्हणून औषध दिलं, हिवताप मेंदूत गेला. ती खुर्चीत बसली. चष्मा काढून तसाच हातात धरून म्हणाली, "म्हणजे मिस्टरांचं ऐकलंच नाही त्यांनी."

मी म्हटलं, "मिस्टरांचंच तर ऐकलं."

"छे हो! त्यांचा मला फोन आला होता तिकडून. आवाज तुटत होता. म्हणाले, बायकोला दिवस राहिलेत असं वाटतंय, तिने गोळ्या बंद केल्यात, काय करू? मी म्हटलं, बंद करून तसंच राहू नका, पोटुशी बाईला हा हिवताप जास्त वाईट. तिथल्या डॉक्टरला गाठा, चालेल अशी दुसरी गोळी देतील. तर म्हणाले, सिस्टर, मी सांगून थकलो. ती म्हणते, आईने बजावलंय, एकही गोळी पोटात जाता कामा नये. तुम्ही बोलता का तिच्याशी? मी म्हटलं, द्या ना. त्या फोनवर आल्याच नाहीत. मागून हसण्याचा आवाज आला, 'अरे, ठेव तो फोन, जिराफ बघ!' आणि लाइन गेली."

सिस्टरला बिचारीला काय माहीत, ती कोणासमोर काय बोलतेय. तिला वाटलं, हे सगळं आमच्या घरात बोलून झालेलं असणार.

दिवस राहिले होते. जावईबापू, मी आजोबा होणार होतो ही बातमी मला पाण्याच्या कूलरपाशी, परक्या बाईकडून कळली. आणि कळली तेव्हा होणार होतो असंच म्हणावं लागलं. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर तुम्हाला एकट्याला बाजूला घेऊन बोलले होते. मला वाटलं, किडनीचं काहीतरी असेल. तुम्ही परत येऊन आमच्याशेजारी बसलात आणि म्हणालात, "रक्त द्यायचं म्हणतायत."

आता मला सांगा, का खोटं बोललात? हिच्यासाठी? की गोटीसाठी, म्हणजे कोणी तिला बोल लावू नये म्हणून? बायकोची ही दशा, मूल गेलेलं, आणि वर सासूच्या शिव्या अंगावर घ्यायच्या? इतकं चांगलं असायची माणसाला गरज नसते. माझा राग तुमच्यावरच आहे, फक्त आता तो दुसऱ्या कारणासाठी आहे.

घरी आलो तर ही गोटीचे केस विंचरत होती. "काय म्हणाले?"

"काढलं नाव."

"बरं केलंत," म्हणाली, आणि गुंता सोडवत राहिली. एकेक केस वेगळा करत, गोटीला दुखू नये म्हणून. गोटीला दुखत नाही हे आम्हाला दोघांनाही ठाऊक आहे.

हिला कसं विचारू ते कळत नाही. तुम्हीच सांगा. नाहीतर राहू द्या.

गोटीचे बाबा


९ जुलै

जावईबापू,

तुमचं उत्तर नाही. नसू दे.

विचारलं शेवटी. गोटीची कूस बदलत होतो. एका बाजूला मी, एका बाजूला ही, दोघांचेही हात तिच्या पाठीखाली. मी ठरवलं वगैरे काही नव्हतं. तोंडातून निघून गेलं, "तिला दिवस गेले होते हे तुला माहीत होतं?"

हिने हात काढला नाही. म्हणाली, "आधी तिचा पाय सरळ करा." मी पाय सरळ केला. हिने गुडघ्यांमध्ये उशी ठेवली, चादर ओढली, सुरकुती काढली. मग पलंगाच्या कडेला बसली.

"कोणी सांगितलं? त्यांनी?"

"ते कशाला सांगतील? दवाखान्यातल्या सिस्टरने सांगितलं."

मग जे बोलली, ते तिच्याच शब्दांत लिहितो.

"फोन आला तेव्हा काय खुशीत होती हो ती! म्हणाली, आई, बाहेर हत्ती उभा आहे, आणि मी आत मोरीत लपून तुझ्याशी बोलतेय. अजून यांनाही सांगितलं नाही, पहिलं तुला. मला किती बरं वाटलं! मग बोलता बोलता म्हणाली, त्या हिवतापाच्या गोळ्या तेवढ्या चालू आहेत. मला आपलं पहिलं आठवलं."

आपलं पहिलं म्हणजे गोटीच्या आधीचं. तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही. हिला ताप होता, दुकानातून गोळ्या आणून घेतल्या, आणि त्याच आठवड्यात ते गेलं. गोळ्यांचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. हिने मान डोलावली होती. मला वाटलं, पटलं. इतकी वर्षं एका घरात राहून मला वाटत राहिलं, की पटलं.

"मी तिला म्हटलं, एक जरी गोळी घेतलीस तर तुला माझी शपथ. ती म्हणाली, अगं पण सिस्टर म्हणाल्या होत्या. मी म्हटलं, सिस्टरला काय, तिचं पोट आहे का? माझं ऐक."

"आणि कॉरिडॉरमध्ये?"

"मीच विचारलं, कोणीतरी दुसऱ्याचं नाव घ्यावं म्हणून. त्यांनी वर बघितलं माझ्याकडे. त्यांना माहीत होतं. मला वाटलं, आता सांगणार. सगळ्यांदेखत सांगणार. तर पुन्हा खाली बघून म्हणाले, मीच सांगितलं. अहो, मला तिथे खाली बसून ओरडायचं होतं, की नाही, मी, मी! तोंड उघडलं तर त्यांनाच शिव्या बाहेर आल्या. आणि एकदा आल्या त्या आल्याच. मग कुठून थांबवू?"

बोलायला गेलं तर खूप होतं, आणि बोलून फिरवता येण्यासारखं काहीच नव्हतं. गोटी आमच्यामध्ये पडलेली होती, डोळे उघडे.

थोड्या वेळाने हिने विचारलं, "ते येतील का?"

म्हणून लिहितोय. या. दार उघडं असेल, हे मी माझ्या जबाबदारीवर सांगतो.

बाबा


१७ ऑगस्ट

जावईबापू,

तुम्ही येऊन गेलात ते फार बरं केलंत. असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं. आता खरं लिहितो.

तुम्ही येणार म्हणून हिने दोन दिवस आधी घर धुतलं. काय बोलायचं ते भांडी घासताना पुटपुटत होती. मला म्हणाली, "तुम्ही दुकानात जा. तुमच्यासमोर मला जमणार नाही." म्हणून मी गेलो. त्या वेळात काय झालं ते मला हिच्याकडूनच कळलं. तिने म्हणे दारातच हात जोडले, आणि तुम्ही ते हातात धरून म्हणालात, "आई, मला माहीत होतं. मला राग नव्हताच कधी." तिने ठरवलेलं पुढचं सगळं राहून गेलं.

मी आलो तेव्हा तुम्ही जमिनीवर उताणे झोपून पलंगाचा दांडा दुरुस्त करत होतात. तो वर-खाली करताना अडकायचा. ही चहाचा कप घेऊन उभी होती, केव्हाची कोण जाणे, चहावर साय धरलेली. मग तुम्ही हात धुऊन गोटीजवळ बसलात. तिला ज्या नावाने फक्त तुम्ही हाक मारायचात, त्या नावाने हाक मारलीत. मी ते नाव पहिल्यांदाच ऐकलं. आम्ही दोघंही पुढे वाकलो. तिचे डोळे खिडकीकडे होते, तिकडेच राहिले. तुम्ही पुन्हा हाक मारलीत. मग नाही मारलीत.

तुम्ही गेल्यावर मला वाटलं, ही आता मोकळी होईल. माफी मिळाली की माणूस हलकं होतं म्हणतात. हिचं उलटंच झालं. आधी ही सकाळी उठायची ती तुम्हाला शिव्या देत उठायची, पण उठायची. ताटं आपटायची, मोलकरणीशी भांडायची, मला चार शब्द ऐकवायची. आता हाक मारली तर ओ देते आणि बसून राहते. तुम्ही तिच्या डोक्यावरून तुमचं ओझं उचललंत आणि खाली तिचं स्वतःचं तेवढं उरलं. तुमचा दोष नाही. तुम्ही चांगुलपणा केलात. त्याचं चीज झालं नाही, इतकंच.

तुम्ही निघताना म्हणालात, "महिन्यातून एकदा येत जाईन." येऊ नका. रागाने म्हणत नाही. तुम्ही आलात त्यानंतर आठवडाभर मी बॅटरी घेऊन नको इतका वेळ तिच्या डोळ्यांत बघत बसलो. दुकान उघडायला उशीर झाला, लोक परत गेले. मला वाटत राहिलं, की तुमच्या हाकेने आत कुठेतरी काहीतरी हललं असेल आणि ते बाहेर यायला वेळ लागत असेल. मोठ्या डॉक्टरांना फोन करून विचारलं. भला माणूस, माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "काका, नाही."

हिने तुम्हाला एक लिहायला सांगितलंय. तुम्ही दुसरं लग्न करावं. वय आहे तुमचं. कायद्याचं जे काही लागेल त्यावर मी सही करीन. हे वाक्य दोनदा खोडलं, मग लिहिलं.

बाबा


३ नोव्हेंबर

बाळ,

परवापासून दुकान बंद आहे. पलंग घेऊन गेले. तो मांडताना त्याची चाकं फरशीवर घासली होती, त्याचे ओरखडे तेवढे राहिलेत. खोली अचानक मोठी वाटते. ही दार लोटून घेते, आणि थोड्या वेळाने मी जाऊन ते उघडतो.

गेला पंधरवडा तिच्या छातीत कफ होता. डॉक्टर घरी येऊन बघून गेले. म्हणाले, हॉस्पिटलमध्ये नेता येईल, घशातून नळी घालता येईल, मशीन लावता येईल. ते पुढे काय होईल ते बोलले नाहीत आणि आम्ही विचारलं नाही. तुला विचारायला हवं होतं. कंपनीत फोन लावला, तर म्हणाले, तू दूरच्या साइटवर आहेस, निरोप देतो. पण ठरवायला तेवढा वेळ नव्हता. हीच म्हणाली, "नको. आता तिला कोणी काही देऊ नका." मी हिच्याकडे बघितलं. मी डॉक्टरांना तसं सांगितलं.

तुझी वाट बघायची असं हिचं फार होतं. संध्याकाळपर्यंत थांबलो. शेजारच्यांनी समजूत घातली, तेव्हा निघालो. त्याबद्दल आम्हा दोघांवर राग धरू नकोस. धरलास तरी चालेल.

आत्ता मी दुकानाचं कोरं बिलबुक पुढ्यात घेऊन लिहितोय, घरात दुसरा कागद सापडला नाही. ही येऊन मागे उभी राहिली. "कोणाला लिहिताय?"

"जावयाला."

"काय लिहिलंत?"

"मुख्य ते अजून नाही. आता लिहीन, की गेली म्हणून."

"इतकं उघडं नका लिहू त्याला," ती म्हणाली. "तिकडे एकटा असेल. जरा वेगळं लिहा."

मी विचारलं, "वेगळं म्हणजे कसं?" तिने थोडा विचार केला. मीही केला. ती शेजारच्या खुर्चीवर बसली, आणि आम्ही दोघं बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिलो. तिला सुचेना, मलाही सुचेना.

म्हणून उघडंच लिहितो. गोटी मंगळवारी सकाळी गेली.

बाबा